बाळाला कोणाचा आवाज कळतो?

चेहरा नीट दिसू लागण्याच्या कितीतरी आधी बाळ आवाज ओळखू लागते. आईच्या, बाबांच्या, आजीच्या आणि परक्या माणसाच्या आवाजाला ते वेगवेगळा प्रतिसाद देते. पण एखादे बाळ कोणत्याच आवाजाकडे वळत नसेल, तर?

सकाळी सहाच्या सुमारास मुन्शी घाटावर उभे राहिले, तर डोळ्यांच्या आधी कानांनाच काम लागते. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट पूर्वेकडे तोंड करून बसले आहेत, त्यामुळे कोवळे ऊन थेट पायऱ्यांवर उतरते. श्रीधर मुन्शी यांच्या नावाने ओळखला जाणारा हा घाट तसा लहान. एका बाजूला दरभंगा घाट, दुसऱ्या बाजूला आपल्या अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट आणि त्याच्यापुढे थोड्याच अंतरावर दशाश्वमेध. नावाडी गिऱ्हाइकांना हाका मारत असतात, देवळांतल्या घंटा वाजत असतात, कुणी मोठ्याने स्तोत्र म्हणत स्नान करत असते. हिंदी, भोजपुरी, बंगाली, मैथिली, तेलुगू, मराठी अशा सगळ्या भाषा एकाच पायरीवर भेटतात.

अशा सकाळी एखादे मराठी कुटुंब काशीयात्रेला आलेले असते. सून पाण्यात उतरून अर्घ्य देत असते आणि तिचे पाच महिन्यांचे बाळ आजीच्या मांडीवर असते. शेजारचा नावाडी कौतुकाने वाकून म्हणतो, “का हो बबुआ!” बाळ त्याच्याकडे टक लावून पाहते, मग त्याचा खालचा ओठ बाहेर येतो. एक बंगाली बाई “शोना, शोना” करत पुढे येतात. क्षणभर रडणे थांबते, पुन्हा सुरू होते. बाबा टाळ्या वाजवतात, किल्ल्यांचा जुडगा हलवतात. काही उपयोग होत नाही. एवढ्यात पाठीमागून, ओल्या पायऱ्यांवरून, आवाज येतो, “काय झालं माझ्या राजाला?” आणि बाळ गप्प होते. आई अजून त्याला दिसलेलीही नसते.

“लबाड! आईचा आवाज बरा कळतो,” असे आजी म्हणते. तिच्या आईनेही तेच म्हटलेले असते. शास्त्रज्ञांना मात्र ही गोष्ट पुराव्यानिशी सांगायला १९८० साल उजाडावे लागले.

पोटातच होते ओळख

गर्भाच्या कानाची रचना सहाव्या महिन्याच्या सुमारास काम करू लागते. तिथे काही शांतता नसते. आईच्या हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांतली सळसळ, आतड्यांची गुरगुर, हे सारे चालूच असते. त्यात बाहेरचे आवाजही येतात, पण गाळून. पोटाची भिंत आणि गर्भजल यांतून येताना आवाजातला तीक्ष्ण, उंच भाग बराचसा अडतो. उरते ती चाल आणि लय. शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीआडून ऐकू यावा तसे हे आहे: शब्द कळत नाहीत, पण गाणे कोणते ते कळते.

आईच्या आवाजाला मात्र दोन वाटा असतात. तो हवेतून येतो तसाच तिच्या शरीरातून, हाडांतूनही आत पोचतो. म्हणून पोटातल्या बाळाला सर्वांत ठळक आणि सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा मनुष्याचा आवाज आईचाच असतो.

जन्मलेल्या बाळाला हे आठवते का, हे कसे शोधायचे? बाळाला विचारता तर येत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या मानसशास्त्रज्ञांनी त्यासाठी बाळाच्या हुकमी कलेचाच उपयोग केला, म्हणजे चोखण्याचा. जन्मून तीन दिवसही न झालेल्या दहा बाळांच्या तोंडात त्यांनी रिकामे बूच दिले आणि ते यंत्राला जोडले. बाळ थोडे चोखते, थांबते, पुन्हा चोखते. हा मधला खंड विशिष्ट लांबीचा झाला की आईने वाचलेली गोष्ट कानावर पडायची, नाहीतर दुसऱ्याच एका स्त्रीने वाचलेली तीच गोष्ट. दहापैकी आठ बाळांनी आईचा आवाज यावा अशा बेताने आपली चोखण्याची लय बदलली. हे संशोधन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले.

सहा वर्षांनी डीकॅस्पर यांनी मेलनी स्पेन्स यांच्यासोबत आणखी एक पाऊल टाकले. काही गर्भवती स्त्रियांना शेवटचे सहा आठवडे रोज लहान मुलांची एक ठरावीक यमकदार गोष्ट मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर त्यांच्या बाळांनी ती ओळखीची गोष्ट ऐकण्यासाठी चोखण्याची लय बदलली, आणि विशेष म्हणजे गोष्ट दुसऱ्या बाईने वाचली तरीही.

इथे आपल्याकडे लगेच अभिमन्यूचे नाव निघते. सुभद्रेच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ऐकली, ही कथा कोणाला ठाऊक नाही? पण उत्साहाला थोडा आवर घालायला हवा. गर्भाला चाल कळते, अर्थ नव्हे. पोटावर हेडफोन लावून इंग्रजी किंवा गणित शिकवण्याचे जे वर्ग निघाले आहेत, त्यांना या प्रयोगांचा काही आधार नाही. गरोदर बाई दिवसभर जे साधेसुधे बोलते, गुणगुणते, भाजीवाल्याशी घासाघीस करते, तेवढे बाळाला पुरते.

बाबांनी वाईट वाटून घेऊ नये

अभिमन्यूच्या कथेत बोलणारा होता अर्जुन, म्हणजे वडील. त्यांच्या आवाजाचे काय?

१९८४ मध्ये डीकॅस्पर यांनी हेही तपासले. नवजात बाळांना वडिलांचा आवाज आणि दुसऱ्या पुरुषाचा आवाज असा पर्याय दिला. बाळांना दोन पुरुषांच्या आवाजांतला फरक कळत होता, पण वडिलांच्या आवाजाला त्यांनी अधिक पसंती दिली नाही. पुढे २०१४ मध्ये कॅनडातील बार्बरा किसिलेव्हस्की यांच्या गटाला असे आढळले की पोटात असताना बाळ आई आणि वडील दोघांच्याही आवाजाला हृदयाचे ठोके वाढवून दाद देते. जन्मानंतर मात्र आईच्या आवाजाकडेच ओढ दाखवते. याच किसिलेव्हस्की यांनी २००३ मध्ये चीनमधील साठ गर्भांवर केलेल्या अभ्यासात आईच्या आवाजाने ठोके वाढतात आणि परक्या स्त्रीच्या आवाजाने कमी होतात, असे नोंदवले होते.

आपल्याकडे तर वडिलांची अडचण दुप्पट होते. पहिले बाळंतपण माहेरी. बाळ आजोळी दोन-तीन महिने राहते. आजी, मावशी, मामा, न्हाऊमाखू घालणारी बाई, सगळ्यांचे आवाज त्याच्या ओळखीचे होतात. बाबा बारशाला येतात, दोन दिवस राहतात, परत जातात. मग एकदा आई-बाळ घरी आले की बाबा मोठ्या हौसेने उचलून घेतात आणि बाळ भोकाड पसरते. “याला मी आवडतच नाही,” असे म्हणून कितीतरी तरुण वडील तेव्हापासून बाळाला दुरूनच पाहू लागतात.

तो नकार नसतो, अनोळखीपणा असतो. आवाज रोज ऐकूनच ओळखीचा होतो. त्यामुळे बाळाला हातात घेण्याआधी दोन-चार वाक्ये बोलावीत, अंघोळीच्या वेळी जवळ बसून बोलत राहावे, रात्रीचे लंगोट बदलणे आपल्याकडे घ्यावे. (हा शेवटचा उपाय बाळापेक्षा बाळाच्या आईला जास्त आवडेल.) घाटावर टाळ्या आणि किल्ल्या वाजवणाऱ्या बाबांनी नुसते बोलून पाहिले असते, तर कदाचित काम झाले असते.

आवाज चढवून, लाडात

आणखी एक गंमत आहे. तान्ह्या बाळाशी बोलताना आपला आवाज आपोआप बदलतो. तो उंच होतो, स्वर लांबतात, वाक्ये आखूड होतात, एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. “कोऽण आलं? आऽजी आली!” बँकेत दिवसभर कडक चेहऱ्याने बसणारे गृहस्थही पाळण्यापाशी असेच बोलतात.

अमेरिकन संशोधक ॲन फर्नाल्ड यांनी १९८५ मध्ये चार महिन्यांच्या बाळांना दोन प्रकारची बोलणी ऐकवली. डावीकडे किंवा उजवीकडे मान वळवली की त्या बाजूची ध्वनिफीत वाजायची. बाळे मोठ्यांशी बोलल्यासारख्या सपाट बोलण्यापेक्षा या लाडिक बोलण्याकडे अधिक वेळा वळली. पुढे १९९० मध्ये रॉबिन कूपर आणि रिचर्ड ॲस्लिन यांना अवघ्या दोन दिवसांच्या बाळांतही हीच आवड दिसली.

फर्नाल्ड यांचा १९९३ मधला प्रयोग तर घाटावरच्या बाळाला चपखल लागू पडतो. इंग्रजी घरातल्या पाच महिन्यांच्या बाळांना त्यांनी जर्मन आणि इटालियन भाषेतली शाबासकी आणि दटावणी ऐकवली. एकही शब्द माहीत नसताना बाळे शाबासकीला हसली आणि दटावणीला गंभीर झाली. म्हणजे नावाड्याचे “का हो बबुआ” बाळाला कळले नाही असे नाही. प्रेमाने बोलतो आहे एवढे कळले होते. पण माणूस ओळखीचा नव्हता.

२०२२ मध्ये जगातल्या एकवीस समाजांतील ४१० माणसांच्या सोळाशेहून अधिक ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शहरातले, खेड्यातले, जंगलात शिकार करून राहणारे, अशा निरनिराळ्या समाजांत बाळाशी बोलणे आणि गाणे मोठ्यांशी बोलण्या-गाण्यापेक्षा वेगळे असते आणि परक्या भाषेतले असले तरी ऐकणाऱ्याला ते बऱ्याचदा ओळखता येते, असे त्यात आढळले.

आता घरोघरी होणारा वाद: “बोबडे बोलू नका, पोर बोबडे होईल.” यात अर्धेच तथ्य आहे. आवाज चढवणे, हेल काढणे, शब्द लांबवणे हे बाळाला भाषा पकडायला मदत करते. त्यासाठी “पानी” म्हणावे “पाणी”ला, किंवा “ताय झालं” म्हणावे, याची मात्र गरज नाही. सूर लाडाचा, शब्द नीट, एवढे सांभाळले की आजी आणि सून दोघींचेही बरोबर.

आवाजातला हा चढउतार किती मोलाचा असतो, ते तो हरवला की कळते. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना नैराश्य येते. त्यांचा आवाज सपाट होतो. पीटर कॅप्लान यांच्या १९९९ पासूनच्या प्रयोगांत नैराश्याची लक्षणे असलेल्या आईच्या बोलण्याने चार महिन्यांच्या बाळाचे लक्ष हवे तसे बांधले जात नाही, असे दिसले. त्याच बाळांना दुसऱ्या, तसा त्रास नसलेल्या स्त्रीचे बोलणे ऐकवले, तेव्हा मात्र ती चटकन शिकली. अशा वेळी “हिला बाळाची माया नाही” असा शिक्का मारणे हा शुद्ध अन्याय आहे. तिला डॉक्टरांकडे न्यावे, आणि ती बरी होईपर्यंत आजी, बाबा, आत्या यांनी बाळाशी भरपूर बोलावे.

टाक आणि ताक

मुन्शी घाटावरच्या एवढ्या भाषांतली आपली कोणती, हे बाळाला कसे कळते? शब्दांनी नव्हे, लयीने. फ्रान्समध्ये जाक मेलर यांनी १९८८ मध्ये दाखवले की चार दिवसांच्या फ्रेंच बाळांना फ्रेंच आणि रशियन भाषा वेगळ्या वाटतात. जर्मनीतील काथलीन व्हेर्मके यांच्या गटाने २००९ मध्ये आणखी मजेशीर गोष्ट मांडली: फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर खालून वर चढतो आणि जर्मन बाळांचा वरून खाली उतरतो, अगदी आपापल्या भाषेच्या वळणासारखा. मराठी बाळ मराठीतून रडते असे कोणी म्हटले, तर हसण्यावारी नेऊ नये.

या विषयातला एक गाजलेला प्रयोग तर आपल्याच वर्णमालेवर बेतला आहे. आपल्याला “टाक” आणि “ताक” यांत घोटाळा होत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला मात्र ट आणि त यांतला फरक सहसा ऐकूच येत नाही. कॅनडातील व्हँकुव्हर इथे जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. बहुतेक बाळांना फरक कळला! दहा ते बारा महिन्यांची होईपर्यंत मात्र ही शक्ती बहुतेकांतून गेलेली होती. हिंदी घरातल्या त्याच वयाच्या बाळांत ती शाबूत होती. १९८४ मधले हे संशोधन असे सांगते की बाळ जगातल्या कोणत्याही भाषेसाठी तयार होऊन येते आणि पहिल्या वर्षातच, आजूबाजूचे आवाज ऐकून, आपले कान आपल्या भाषेपुरते घडवते.

म्हणून घरात मराठी आणि दारात हिंदी अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलांच्या, म्हणजे बनारस, इंदूर, बडोदा इथल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांच्या, आईवडिलांनी काळजी करू नये. गरोदरपणी दोन भाषा बोलणाऱ्या आयांची नवजात बाळे दोन्ही भाषांना सारखीच दाद देतात, असे वेर्कर यांच्याच गटाने २०१० मध्ये दाखवले आहे. “पोर गोंधळेल” म्हणून आजीची मराठी बंद करण्याचे काहीच कारण नाही.

गलक्यात काय ऐकू येते?

बारशाला आत्या बाळाच्या कानात “कुर्रर्र” करून नाव सांगते. बाराव्या दिवशी बाळाला ते कळत नाही, हे उघड आहे. पण साडेचार महिन्यांच्या सुमारास आपले नाव त्याला इतर नावांपेक्षा वेगळे वाटू लागते, असे १९९५ मधील एका अमेरिकन अभ्यासात दिसले. त्याचा अर्थ आपण, हे कळायला आणखी वेळ लागतो. नाव फक्त ओळखीचा सूर म्हणून येते.

मात्र गर्दीत तोच सूर हरवतो. आपण लग्नाच्या पंगतीतही समोरच्याचे बोलणे वेचून घेतो. बाळाला ते जमत नाही. रॉशेल न्यूमन यांनी २००५ मध्ये पाहिले की पाच महिन्यांच्या बाळाला मागच्या गलक्यात आपले नाव ओळखायचे असेल, तर ते गलक्यापेक्षा बरेच मोठ्याने यावे लागते. घरात दिवसभर टीव्ही चालू, वर मिक्सर, त्यात तिघांचे बोलणे, अशा वेळी बाळाला उद्देशून म्हटलेले अर्धे वाया जाते. टीव्ही बंद करणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

आणि मोबाईल? पट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा वेळा चिनी मँडरिन भाषा ऐकवली. काहींसमोर चिनी बोलणारी व्यक्ती बसून गोष्टी सांगत होती, खेळत होती. काहींना त्याच व्यक्तींची फीत पडद्यावर दाखवली. समोर माणूस असलेली बाळे त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. पडदा पाहणारी बाळे काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालच्या बाळांना पडदा दाखवूच नये असे सांगितले, ते डोळ्यांच्या काळजीपोटी एवढेच नव्हे. पडद्यावरचा आवाज बाळाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. मामी देते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तर हा आवाज औषधासारखा आहे. इटलीत मानुएला फिलिपा यांच्या गटाने २०२१ मध्ये वीस अपुऱ्या दिवसांच्या बाळांची पाहणी केली. टाचेतून रक्त घेताना आई जवळ बसून बोलत असेल, तर बाळाच्या वेदनेची लक्षणे कमी दिसली. काचेच्या पेटीतल्या बाळाशी बोलायला आयांना संकोच वाटतो. परिचारिका काय म्हणतील? त्या काही म्हणणार नाहीत. हळू आवाजात, एका वेळी एकाने, बोलावे.

थाळी वाजते, पण…

उत्तर भारतात मुलगा झाला की काशाची थाळी वाजवण्याची रीत आहे. बनारसच्या गल्ल्यांतही तो आवाज ऐकू येई. (मुलगी झाली की थाळी गप्प, हे वेगळे सांगायला नको.) आपल्याकडेही बाळाला ऐकू येते का हे पाहायचे झाले, तर कोणीतरी ताट-चमच्याचा आवाज करते. बाळ दचकते. सगळे निश्चिंत होतात.

इथेच फसगत होते. ताटाचा दणका फार मोठा असतो आणि त्याची कंपने बाळाला अंगावरही जाणवतात. शिवाय समोर हललेला हात दिसतो तो वेगळाच. ज्याला माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, असे बाळही थाळीला दचकू शकते.

फसगतीचे दुसरे कारण त्याहून मोठे आहे. जन्मतः बहिरे बाळही रडते, हसते, पहिले काही महिने “आऽगूऽ” असे हुंकारते. आईचा चेहरा पाहून खुलते. सहा महिन्यांनंतर इतर बाळे “बाबाबा, दादादा” करू लागतात, तेव्हा ते मागे पडू लागते. पण तेव्हाही घरात कोणीतरी म्हणतेच, “याचे वडीलही तीन वर्षांचे झाल्यावर बोलले.” शेजारीण म्हणते, मुलगे उशिराच बोलतात. आणि मग दोन-अडीच वर्षांचे मूल डॉक्टरांपुढे येते, तोवर कान आणि मेंदू यांच्या ओळखीचा सर्वांत मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

दर हजार नवजात बाळांमागे एक ते तीन बाळांच्या श्रवणात जन्मतःच मोठा दोष असतो. अमेरिकेत क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की ज्या मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला आणि लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा कितीतरी चांगली वाढली. म्हणून एक-तीन-सहा असा हिशेब डॉक्टर सांगतात: पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू.

तपासणी सोपी आहे. ओएई नावाच्या चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची लहान नळी ठेवतात आणि आतल्या कानाकडून येणारा प्रतिसाद मोजतात. काही मिनिटांत होते, दुखत नाही. त्यात शंका आली तर चाचणी पुन्हा करतात, किंवा बेरा ही चाचणी करतात; तीत डोक्याला चिकटवलेल्या तारांनी कानापासून मेंदूकडे जाणारा संदेश नोंदवला जातो. पहिल्या ओएईत बाळ “नापास” झाले म्हणजे बहिरे आहे असे नाही. कानात राहिलेल्या स्रावामुळेही तसे होते. पण पुन्हा तपासायला जायचेच, ते टाळायचे नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, जन्मानंतर अतिदक्षता विभागात राहिले असेल, कावीळ फार वाढली असेल, आईला गरोदरपणी रुबेला झाला असेल किंवा घराण्यात लहानपणापासूनचा बहिरेपणा असेल, तर पहिली चाचणी ठीक आली तरी पुढे लक्ष ठेवावे लागते.

२०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या दोषांमध्ये जन्मजात बहिरेपण आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. श्रवणयंत्राने भागत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करता येते आणि गरजू कुटुंबांना त्यासाठी केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मदत मिळू शकते. काही कुटुंबे खुणांची भाषा शिकतात. तीही पुरी भाषाच आहे आणि तिलाही जितकी लवकर सुरुवात होईल तितके बरे.

घरी काय पाहावे? थाळी नको, आवाज हवा. नवजात बाळ अचानक मोठ्या आवाजाने दचकते. तीन-चार महिन्यांचे बाळ रडता रडता ओळखीचा आवाज आला की थबकते. सहा-सात महिन्यांचे बाळ, मागून किंवा बाजूने, नेहमीच्या आवाजात बोलले तरी मान वळवते. पाहताना बाळाला आपला चेहरा, हात, सावली, अंगाला लावलेल्या अत्तराचा वाससुद्धा लागू देऊ नये. एकदा वळले नाही म्हणून घाबरू नये. खेळण्यात गुंग असेल. पण तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी पाहूनही वळत नसेल, तर महिना दोन महिने वाट पाहण्यात अर्थ नाही. आणि सगळ्यांत आधी शंका येते ती बहुधा आईलाच. डॉक्टरांनी किंवा सासूबाईंनी “उगाच काळजी करतेस” म्हटले, तरी तिने चाचणी करून घ्यावी. निष्कारण केलेली चाचणी फार तर अर्धा दिवस घेते.

संध्याकाळी मुन्शी घाटापर्यंत दशाश्वमेधाच्या आरतीचा आवाज येतो. ध्वनिवर्धकावरचे मंत्र, घंटा, शंख, हजारो माणसांची गजबज. तान्ह्या बाळाला घेऊन त्या गर्दीत ध्वनिवर्धकाजवळ बसू नये. दुरून, नावेतून किंवा वरच्या पायरीवरूनही आरती छान दिसते. सकाळचे ते बाळ आता कुरकुरू लागलेले असते. आजी त्याला उचलून घाटामागच्या अरुंद गल्लीत नेते. दगडी भिंतींमुळे आरतीचा आवाज एकदम मंद होतो. आजी त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी गुणगुणू लागते, तिच्या आईने तिच्यासाठी म्हटलेले, शब्द अर्धे विसरलेले. बाळ मान वळवून तिच्या तोंडाकडे बघते, तोंडातली मूठ बाहेर काढते आणि म्हणते, “आऽ.”

“हो का?” आजी म्हणते. “आणि मग काय झालं?”